काशीचं नाव यादीत नव्हतं

भिवंडीच्या एस.टी. स्टँडमागे एका ट्रस्टचं क्षयरोग केंद्र होतं. १९९५च्या जानेवारीत अवधूत तिथं कंप्युटरवर कामाला लागला. वडील शाळेत हेडक्लार्क, थोरली बहीण शिक्षिका. याने ठाण्याला जाऊन कंप्युटरचा कोर्स केला होता, आणि भिवंडीत तेव्हा असा कोर्स केलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती. हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

क्षयाच्या गोळ्या निदान सहा महिने चुकवायच्या नसतात. पण दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, आणि माणसाला वाटतं, झालो बरा. मग तो कापडाच्या लूमवर डबल ड्युटी करायला लागतो नाहीतर गावी निघून जातो. अशांना हुडकून परत आणायचं काम पार्वती आक्कांकडे होतं. आक्का पूर्णा गावच्या, शेतीवाडीतल्या. पन्नाशी उलटलेली. सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांच्याकडे एक लाकडी पेटी होती आणि तिच्यात साडेतीनशे रुग्णांची कार्डं. जो वेळेवर आला त्याचं कार्ड आडवं, जो चुकला त्याचं उभं. गावी गेलेल्यांची कार्डं वेगळ्या कप्प्यात, मागच्या बाजूला गावचा पत्ता लिहून.

अवधूतने ती पेटी अर्धा तास पाहिली आणि महिन्याभरात प्रोग्रॅम लिहिला. रुग्णाची पुढची तारीख भरायची. तारीख उलटली की नाव आपोआप यादीत. दर शुक्रवारी यादी छापायची, आक्कांच्या हातात द्यायची.

"माहेरी गेलेली बाई कुठं बसवायची ह्याच्यात?" आक्कांनी विचारलं होतं.

"बाहेरगावी असं लिहायचं, आक्का. तारीख रिकामी ठेवायची."

"मग ती परत आली न्हाय, ते कुणाला कळणार?"

"ते बघू नंतर," तो म्हणाला. पेटी स्टोअररूममध्ये गेली.

मे महिन्यात यादीचं पहिलं पान विचित्र दिसायला लागलं. कंप्युटर रिकामी तारीख सगळ्यात जुनी धरायचा, त्यामुळे तशी सगळी नावं वरच जमायची. एकोणीस नावं, आणि त्यांच्यापुढे कोरी जागा. केंद्राच्या प्रमुख डॉक्टर सुनीती एकदा म्हणाल्या, "हे काय रे, वरती नुसतंच पांढरं?" त्याला ते लागलं. त्याच दुपारी त्याने प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली: तारीख रिकामी असेल तर नाव सोडून द्यायचं. यादी एका पानात बसली. डॉक्टरांनी पान हातात धरून कौतुक केलं.

आक्कांनी मात्र ते पान दोनदा वाचलं.

"काशी न्हाय हिच्यात."

काशी लूमच्या शेडमागच्या चाळीत राहायची, लूमसाठी सुताच्या कांड्या भरायची. फेब्रुवारीत तिला औषध सुरू झालं होतं आणि एप्रिलमध्ये महिन्याभराच्या गोळ्या घेऊन ती पडघ्याजवळ माहेरी बाळंतपणाला गेली होती. अवधूतला यातलं काही आठवत नव्हतं. त्याने मानही वर केली नाही.

"नाव नाही म्हणजे ती वेळेवर येत असणार, आक्का. सोमवारी येत असेल, तुमची सोमवारी फिरती असते."

"मला दिसली न्हाय."

"तुम्ही विसराल. कंप्युटर विसरत नाही."

यादीत बेचाळीस घरं होती. आक्का पिशवी घेऊन निघाल्या.

ऑक्टोबरमध्ये काशीचा भाऊ महादू तिला टेंपोत घालून घेऊन आला. तिला बसवत नव्हतं. खोकल्यातून रक्त पडत होतं. तीन महिन्यांची मुलगी महादूच्या हातात होती, तापाने फणफणलेली आणि मान मागे ताणून धरलेली. डॉक्टरांनी बाळाला पाहिलं आणि दुसऱ्या मिनिटाला दोघींना मुंबईच्या हॉस्पिटलात पाठवायची चिठ्ठी लिहिली. आईचा क्षय बाळाच्या मेंदूपर्यंत पोचला होता.

"गोळ्या कधी थांबवल्या?" डॉक्टरांनी काशीला विचारलं.

"संपल्या तेव्हा. मे महिन्यात."

"पुढच्या न्यायला का नाही आलात?"

काशी थांबून थांबून बोलली. "मागं दोनदा चुकले, तेव्हा आक्का लगेच घरी आली होती. ह्या वेळी वाट बघितली. आली न्हाय. मला वाटलं, गोळ्या पुऱ्या झाल्या असतील."

अवधूत दारात उभा होता. तो कंप्युटरसमोर जाऊन बसला आणि त्याने काशीची नोंद उघडली. बाहेरगावी. तारीख रिकामी. त्याच्या खाली-वर आणखी अठ्ठावीस जण तसेच. त्याने मे महिन्यातली ती ओळ शोधली आणि खोडून टाकली. आता निदान बाकीच्यांची नावं यादीत येतील, असं त्याने स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. पण खोडताना त्याने दाराकडे पाहिलं होतं, कुणी येतंय का म्हणून.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. डॉक्टर म्हणाल्या, "अवधूत, जूनची एखादी यादी पुन्हा छापून दे. काशीचं नाव होतं की नाही ते बघू." जुने कागद कधीच उरत नसत. त्यांच्या पुड्या करून गोळ्या दिल्या जायच्या. प्रोग्रॅमला जूनची तारीख दिली की तो त्या दिवशीची यादी काढून द्यायचा. अवधूतने तारीख दिली. प्रिंटर करकरत चालला. पहिल्याच ओळीत काशीचं नाव छापून आलं.

तो ते पान फाडू शकला असता. निदान, थांबा, असं म्हणू शकला असता. त्याने पान डॉक्टरांच्या हातात दिलं.

"आक्का, नाव तर सगळ्यात वर आहे," डॉक्टर म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तुम्ही गेला का नाहीत?"

आक्कांनी चष्मा लावला. बोट ठेवून ती ओळ वाचली. मग त्यांनी अवधूतकडे पाहिलं. त्या पाहण्यात संशय नव्हता. नाव होतं का रे तेव्हा, एवढंच त्या विचारत होत्या. तो समोरच्या फाइलची दोरी सोडत आणि बांधत राहिला.

"माझंच राहिलं असंल," आक्का म्हणाल्या. "डोळ्यांसमोरून गेलं असंल."

त्यांची फिरती काढून घेतली. गोळ्या द्यायच्या खिडकीवर बसवलं. फिरतीवर शुभदा नावाची नवी मुलगी जाऊ लागली.

अवधूतची खुर्ची खिडकीपासून दहा पावलांवर होती. त्याला सगळं दिसायचं. आक्का प्रत्येक पुडीतल्या गोळ्या तीनतीनदा मोजायच्या. रुग्ण निघाला की त्याला परत बोलवायच्या, पुडी उघडून पुन्हा बघायच्या. जिला शेकडो घरं, सासर-माहेर, कोण कुणाच्या खोलीत भाड्याने राहतो हे तोंडपाठ होतं, ती बाई आता शुभदाला विचारायची, "आज वार कोणता गं?" एकदा तिला म्हणाल्या, "माझ्या आईलाही असंच झालं होतं. आधी नावं गेली, मग माणसं."

त्याला जेवण जाईना. आई म्हणाली, डोळे दाखवून ये, दिवसभर त्या पडद्यासमोर बसतोस. घरात सगळे त्याच्या नोकरीबद्दल अभिमानाने बोलत, आणि तो ताटावरून उठून जाई.

अकराव्या दिवशी दुपारी खिडकीवर गर्दी नव्हती. तो आक्कांसमोर जाऊन उभा राहिला.

"आक्का, जूनमध्ये काशीचं नाव यादीत नव्हतं. मी एक ओळ घातली होती, तिच्यामुळे ते गळलं. ती आल्यावर मी ओळ खोडली. मग बैठकीत छापलेल्या यादीत नाव आलं. तुमचं काही राहिलं नव्हतं."

आक्का पुडी बांधत होत्या. त्यांनी ती पुरी बांधली.

"म्हणजे मी विसरले न्हाय."

"नाही."

त्यांनी पुडी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "डाक्तरीणबाईंना सांगितलंस?"

"अजून नाही."

"मग मला कशाला सांगतोस? माझ्याकडून माफी घेऊन घरी जायचंय तुला?"

तिथून तो सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, बैठकीतलं गप्प राहणंसुद्धा. डॉक्टरांनी पेन बंद केलं. "चूक झाली ते मी समजू शकते," त्या म्हणाल्या. "दुसरं मला समजत नाही." त्यांनी सगळ्यांना बोलावलं, आक्कांची सगळ्यांसमोर माफी मागितली आणि फिरती परत दिली. अवधूत राजीनाम्याची चिठ्ठी घेऊन आला होता. ती त्यांनी वाचली नाही. "आधी ते अठ्ठावीस जण शोध. पायी."

दोन महिने तो आक्कांच्या मागून हिंडला. शेडमधल्या खडखडाटात ओरडून नावं विचारली. एकाच खोलीत तीन पाळ्यांत झोपणारी बारा माणसं पाहिली. आक्का आधी औषधाचं काढतच नसत. पोरांची चौकशी करत, पाणी मागत, मग सहज विचारत, "गावाला कधी जायचंय?" जायच्या आधीच पत्ता घेऊन ठेवत. हे कुठल्याच रकान्यात नव्हतं. तेवीस जण सापडले. तिघं वारले होते. दोघांचा पत्ता लागला नाही.

काशीकडे पडघ्याला ते डिसेंबरात गेले. ती इंजेक्शनांवर होती, हळूहळू सुधारत होती. मुलगी वाचली होती, पण उजवा हात उचलत नव्हती. अवधूतने अंगणात बसून जे घडलं ते सांगितलं. महादू उठला आणि शेताकडे निघून गेला. काशीने मुलीचा तोच हात आपल्या हातात घेतला आणि चोळत राहिली.

"माझं नाव लिहिलेलं तरी होतं ना कुठं?"

"होतं. आत होतं."

"मग तुला दिसलं कसं न्हाय?"

अवधूतने आक्कांकडे पाहिलं. आक्कांनी त्याला सोडवलं नाही.

प्रोग्रॅम त्याने नव्याने लिहिला, या वेळी आक्कांना शेजारी बसवून. आता तारीख रिकामी सोडताच येत नव्हती. बाहेरगावी जाणाऱ्याचा तिथला पत्ता आणि तिथल्या एका माणसाचं नाव भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नसे. आणि कोणतंही नाव यादीतून आपोआप जात नसे. ते काढायला फिरती करणाऱ्या बाईची सही लागायची. यादी चार पानांची झाली. दिसायला ओबडधोबडच होती.

१९९८मध्ये ट्रस्टच्या बाकीच्या केंद्रांनी तो प्रोग्रॅम घेतला आणि ठाण्याला एका सभेत अवधूतला बोलायला उभं केलं. आक्काही बरोबर गेल्या होत्या. हा सहीचा नियम कसा सुचला, असं एका अधिकाऱ्याने विचारलं. त्याने काशीचं नाव न घेता सगळं सांगितलं, छापलेल्या त्या पानासकट. सभागृहात कुणाला काय करावं कळेना. मग अध्यक्ष म्हणाले, चहा घेऊया.

परतीच्या एस.टी.त आक्का खिडकीशी बसल्या होत्या. कशेळीचा पूल ओलांडल्यावर म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलंस. पण आवाज फार बारीक होता. मागच्या रांगेत कुणाला ऐकू गेलं न्हाय."