बंदराची साक्ष

आमचे हे भूगोलाचे प्राध्यापक, पण घरात साखरेचा डबा कुठे असतो ते त्यांना आयुष्यभर सापडलं नाही. कित्येक शतकांपूर्वी गाळात गेलेलं बंदर मात्र सापडलं. निदान त्यांचं तसं म्हणणं होतं.

भूगोलवाले त्यांना इतिहासवाला म्हणायचे आणि इतिहासवाले भूगोलवाला. स्टाफरूमच्या दोन्ही टेबलांवर त्यांना जागा नसायची, म्हणून ते नकाशांच्या खोलीत बसून डबा खायचे. तिथेच एका जुन्या सागरी नकाशावर त्यांना ते बंदर दिसलं. आज जिथे सखल वस्ती आहे, नेमक्या तिथे पाण्याची खोली लिहिलेली. मग काय, माणूस पछाडला. सुट्टी लागली की वस्तीच्या जमिनीत नळ्या खुपसून गाळ काढायचा आणि माझ्या बरण्यांत भरून ठेवायचा. गाळात शिंपले निघाले, जहाजाचा म्हणता येईल असा लाकडाचा तुकडा निघाला. त्यावर एक जाडजूड ग्रंथ झाला, सत्कार झाले आणि एक शत्रूही झाला.

शत्रू म्हणजे दुसऱ्या विद्यापीठातले एक इतिहासकार. घरात आम्ही त्यांना विरोधी पक्ष म्हणायचो. त्यांचं एकच टुमणं. "गाळ म्हणजे बंदर नव्हे. बंदर नांदून गेलं तर तिथल्या माणसांच्या तोंडी काहीतरी उरतं. त्या वस्तीत एका तरी आजीने जहाजाची गोष्ट सांगितली आहे का?" ह्यांच्याकडे याला उत्तर नव्हतं. निवृत्त झाले, केस गेले, दात गेले, हा सल काही गेला नाही. जेवताना मध्येच घास हातात राहायचा, की मी समजायचे, विरोधी पक्ष बोलतोय.

म्हणून त्या दुपारी चिमणी धापा टाकत आली, तेव्हा मला वाटलं, आमचे दिवस पालटले. चिमणी म्हणजे ह्यांची लाडकी विद्यार्थिनी. बडबडीमुळे पडलेलं नाव. आता विभागप्रमुख झाली, तरी आमच्या घरात ती चिमणीच.

"सर, बसा. काकू, तुम्हीपण बसा. चहाबिहा नंतर." तिने फोन टेबलावर ठेवला. "वस्तीतल्या शिवणकाम करणाऱ्या मावशी आहेत या. नीट ऐका हं."

आधी शिवणयंत्राची खडखड ऐकू आली. ती थांबली आणि एक बाई बोलू लागली. "माझी आजी सांगायची, इथे मोठं बंदर होतं. धक्क्यावर घंटा होती. ती वाजवणारा आंधळा होता, पण जहाज लोकांना दिसायच्या आधी त्याला कळायचं. लवंगांचा वास आला की तो दोरी ओढायचा."

"मिळाली आजी!" चिमणीने टाळीच वाजवली. "पुढच्या परिषदेत त्या इतिहासकारांसमोर हेच ऐकवणार आहे मी. सर, जिंकलात तुम्ही!"

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो आंधळा माझ्या चांगल्या ओळखीचा होता.

आमचं लग्न नवीन होतं तेव्हा हे त्या वस्तीतल्या शाळेत व्याख्यान द्यायला गेले होते आणि मी कौतुकाने मागच्या बाकावर बसले होते. भरती, ओहोटी, गाळाचे थर. पोरांनी माना टाकल्या. तेव्हा ह्यांनी तो आंधळा घंटावाला उभा केला, जागच्या जागी, लवंगांच्या वासासकट. शुद्ध थाप! पोरं ताठ बसली. परत येताना मी विचारलं, "अहो, हा कुठून आणलात?" तर म्हणे, झोपलेल्यांना उठवायला घंटा लागतेच. तेव्हा मी पोट धरून हसले होते. आता अंगावर काटा आला.

"चिमणे, तो माणूस मी रचला होता," हे म्हणाले. "त्यांच्या शाळेत."

ती आधी हसली. मग माझ्याकडे पाहिलं आणि तिचं हसू मावळलं. "सगळा?"

"सगळा."

ह्यांनी मान वर केली. "पण आंधळा माझा आणि बंदर आजीचं, असंही असेल ना? मुलांच्या डोक्यात होते अशी सरमिसळ. चला, त्यांनाच विचारू." बोलता बोलता ते चपला घालू लागले. मला फार वाईट वाटलं आणि रागही आला. गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं?

मावशींच्या खोलीत खिडकीशी शिवणयंत्र होतं आणि खुर्च्यांवर अर्धवट शिवलेले शर्ट. त्यांनी ते उचलून आम्हाला बसवलं. गळ्यात टेप, बोटांना खडू. एवढे शिकलेले लोक घरी आले म्हणून बाई हरखली होती.

"घंटा सोडून आजी आणखी काय सांगायची?" ह्यांनी विचारलं.

"खूप काही. म्हणायची, जमीन म्हणजे फार सावकाश चालणारं पाणी."

मी डोळे मिटून घेतले. ह्यांच्या प्रत्येक व्याख्यानाचं ते पहिलं वाक्य. मी ते इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणेन. संपलं. साक्ष गेली. आजीने बंदराबद्दल ब्रही काढला नव्हता.

"शाळेत कधी कुणी पाहुणे आले होते का?" ह्यांनी कसंबसं विचारलं.

"आले असतील. कोण लक्षात ठेवतंय?"

मी ह्यांची बाही ओढली. ऐकतात कुठे! त्यांनी सगळं सांगून टाकलं. शाळा, पेंगणारी मुलं, घंटा, लवंगा.

"असं कसं?" मावशी म्हणाल्या. "मला दिसते ना ती. माझे केस विंचरत सांगायची. आवाज तिचाच आहे."

"केस तिनेच विंचरले असतील," हे म्हणाले. "बोललो होतो ते मी."

चिमणीने फोन पर्समध्ये टाकला. मावशी यंत्रावर हात ठेवून बसून राहिल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी लहान होते तेव्हाच गेली ती," त्या म्हणाल्या. "फोटो नाही तिचा. एवढं एकच होतं माझ्याकडे." मग त्या ह्यांच्याकडे वळल्या. "मग ती काय सांगायची?"

"ते मला कसं माहीत असणार?"

"तुमचं कामच ते ना? गेलेलं शोधायचं? मग सांगा ना, सर. केस विंचरताना माझी आजी मला काय सांगायची?"

हे तोंड उघडून तसेच राहिले. एरवी त्यांचं अडलं की मी पुढे होते. मलाही काही सुचेना. आणि बाई खरंच उत्तराची वाट पाहत होती.