राखून ठेवलेला अजबबंगला

गोपिकेचा नवरा वसंत नागपुरात सीताबर्डीवर एका कापडाच्या दुकानात कामाला होता, आणि चार वर्षांत त्याने नागपूर पाहिलं नव्हतं. म्हणजे तो तसं सांगायचा. सणाला नरखेडकडच्या आपल्या खेड्यात आला की लोक तिथल्या संग्रहालयाबद्दल विचारायचे, अजबबंगल्यात मेलेले वाघ उभे करून ठेवलेत म्हणे, खरं का? त्यावर हा गडी चारचौघांत सांगायचा, "मी नाही पाह्यला गा. गोपी येईन तवा तिच्यासंगंच पाहीन."

सासू नाक मुरडायची. गोपिका चुलीपाशी मान खाली घालून हसायची. सासूची बोलणी, विहिरीचं पाणी, संत्र्याची तोडणी, सगळं तिने या एका वाक्यावर काढलं. कोणाचा नवरा पाटल्या करतो, हिच्या नवऱ्याने अख्खं शहर राखून ठेवलं होतं. शेजारणींना हे ऐकवायची एक संधी तिने सोडली नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीनंतर वसंतने भाड्याची खोली घेतली आणि तिला घेऊन आला. पहिल्याच रविवारी ती नवं लुगडं नेसून निघाली.

गावात तो पुढे चालायचा आणि ती मागे. इथे तो तिच्या बाजूने चालू लागला. रस्ता ओलांडताना तर न बघताच त्याचा हात तिच्याकडे यायचा. शहराची रीत असेल, असं म्हणून ती सुखावली. टेकडीवरचा किल्ला दाखवून तो म्हणाला की भोसल्यांची इंग्रजांशी लढाई इथंच झाली. झीरो माईलच्या खांबापाशी म्हणाला, "साऱ्या देशाचं अंतर इथून मोजते म्हणते."

"तुमाले कोणं सांगतलं जी?"

"दुकानात गिऱ्हाइकं बोलत राह्यते."

अजबबंगल्यात तो कोणाला न विचारता वळला आणि थेट वाघापुढे जाऊन उभा राहिला. "बापा!" म्हणाला, जरा जास्तच मोठ्याने. पुढच्या दालनात जुन्या तलवारी होत्या, शिलालेख होते. "उंबरा हाये, सांभाळ," तो म्हणाला, आणि उंबरा त्यानंतर दिसला. गोपिकेचं तिकडे लक्षच नव्हतं. इतकी वर्षं मनात पाहिलेलं सगळं ती आता डोळ्यांनी पाहत होती.

संध्याकाळी दोघं अंबाझरीच्या तलावावर गेली. काठावर चिवड्याची गाडी होती. गाडीवाला कांदा चिरत होता. वसंत पाण्याकडे बघत सहज म्हणाला, "दोन दे गा. एकात कांदा नोको टाकू."

बिनकांद्याचा पुडा त्याने गोपिकेच्या हातात दिला.

ती पुड्याकडे बघत राहिली. कांद्याशिवाय तिचा घास उतरत नसे. लग्नाच्या पहिल्या वर्षी शेतात हाच माणूस बुक्कीने कांदा फोडायचा आणि मधला गोड गाभा तिच्या भाकरीवर ठेवायचा. न विचारता वळणारी पावलं, आधीच ठाऊक असलेला उंबरा, रस्त्यात पुढे येणारा हात, सगळं तिला एका दमात कळलं. तो हात दुसऱ्या कोणा बाईसाठी शिकला होता, तेही कळलं.

"काहून खात नाही वं?"

"कांदा कोणाले चालत नाही जी?"

वसंतच्या तोंडातला घास तिथेच थांबला. त्याने आपल्या पुड्याकडे पाहिलं, मग तिच्या. गाडीवाला उगाच फडकं मारू लागला.

गोपिकेने बाईचं नाव विचारलं नाही, गावही विचारलं नाही. तिला एकच विचारायचं होतं, आणि उत्तर 'नाही' असंच यावं म्हणून तिचा जीव कासावीस झाला होता. तो नाही म्हणाला असता तर तिने डोळे मिटून खरं मानलं असतं.

"तिले अजबबंगल्यातबी नेलं होतं का?"

त्याने हातातला पुडा मिटला. "एकच डाव," म्हणाला.

चार वर्षं खोटं बोललेला माणूस, आणि नेमका इथं खरं बोलला.