आठवणीचा फवारा

मी एक नाकात मारायचा फवारा बोलतोय. अंगठ्याएवढी बाटली, पोटात पाण्यासारखं औषध. माणसाच्या मेंदूतलं एक हार्मोन अंगातलं पाणी धरून ठेवतं. त्याची प्रयोगशाळेत केलेली नक्कल म्हणजे मी. माझ्यामुळे स्मरणशक्ती वाढते का, याचे प्रयोग अजून चालू आहेत. पण विकणाऱ्यांना तेवढा धीर कुठला?

कुरुंदवाडच्या प्रभुलिंगने मला मोबाइलवरून मागवलं. त्याची आई शिवगंगाबाई जन्मभर मठात वचनं, म्हणजे जुनी कन्नड भक्तिपदं, म्हणणारी. अलीकडे वचन मध्येच तुटायचं आणि त्या समोरच्या बायकांकडे नुसत्या बघत राहायच्या.

"अव्वा, ह्यानं डोकं चालतंय म्हणत्यात."

"डॉक्टरला इचारलंस?"

"आधी गुण तर बघू की."

गुण आला. त्याचीच मला भीती होती. पुढच्या सोमवारी वचन शेवटापर्यंत गेलं, प्रभुलिंगचे डोळे भरले, आणि त्याने फवारे वाढवले.

आठवण जागी करणं एवढंच मला येतं. कुठली जागी होईल, ते माझ्या हातात नाही. एका सकाळी भाकरी थापताना शिवगंगाबाईंचे हात थांबले.

"प्रभू, दानेश्वरी दारात हुबी हाय. कपाळावरच्या पट्टीनं केस ओलं झाल्यात तिचं."

दानेश्वरी त्यांची थोरली लेक. लहानपणीच तापानं गेलेली. प्रभुलिंग तेव्हा जन्मलाही नव्हता.

मग ती रोज येऊ लागली. इकडे शिवगंगाबाईंचा चेहरा सुजला, डोकं ठणकू लागलं. माझ्यामुळे पाणी अंगातच साठत होतं. प्रभुलिंग घाबरला. त्याने मला कपाटावर ठेवलं.

"बास आता, अव्वा."

"दे की रं. तिच्या केसांची येणी घालायची अर्धी राहिलीया."

आईचं रडणं त्याला बघवेना. त्याने दिलं. त्याच दुपारी तांब्याभर पाणी पिऊन उठताना त्यांना फिटचा झटका आला.

कोल्हापूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला उजेडात धरलं. "अंगात पाणी साठून रक्तातलं मीठ पार घसरलंय. असली औषधं आम्हीपण देतो, पण रक्त तपासून, पाण्यावर नजर ठेवून. हे फेकून द्या."

प्रभुलिंगने मान हलवली आणि मला खिशात घातलं.

शिवगंगाबाई वाचल्या. सूज उतरली. दानेश्वरी आता येत नाही, वचनही ओठांवर येत नाही. मघाशी प्रभुलिंग त्यांच्या उशाशी बसला, तेव्हा त्यांनी पदर सारखा केला आणि अदबीनं विचारलं, "पावणं, कुणाकडं आलाय?"

त्याचा हात खिशात आला.

आत्ता या घडीला त्याचा अंगठा माझ्या टोपणावर आहे. प्रभुलिंगा, ती तुला ओळखेल, कदाचित दोन दिवस. मग माझ्यातलं औषध आपलं काम करेल. मी थांबायचं म्हटलं तरी मला थांबता येत नाही, बाबा. तू थांब.