मांजर परत मिळण्याबाबत

अपर्णा त्या दिवशी माझ्या ओट्यावर वही न घेताच आली. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "गुरुजी, बुंदी नाही. सकाळपासून नाही."

शंकर नगरच्या सरकारी क्वार्टरांतली सात-आठ पोरं संध्याकाळी माझ्याकडे शिकायला येतात. मी निवृत्त शाळामास्तर, मुलाच्या क्वार्टरमध्ये राहणारा. अपर्णा या पोरांत सगळ्यांत नवी. दहा वर्षांची. तिचं बिऱ्हाड आठ दिवसांपूर्वीच तात्यापाऱ्यातून आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये आलं होतं. तिकडे ते बारा वर्षं दोन खोल्यांत भाड्यानं राहत होते. मध्य प्रदेशातून नवं राज्य वेगळं झालं, रायपूर राजधानी झाली आणि भोपाळहून आलेली खाती जागा शोधत गल्लोगल्ली फिरू लागली. घरमालकानं अख्खी इमारत एका खात्याला देऊन टाकली. अपर्णाचे वडील देवीदास त्याच खात्यात आवक-जावकचे कारकून. म्हणजे राहतं घर गेलं आणि रोज सकाळी त्याच घरात नोकरीला जायचं, अशी त्यांची गत.

बुंदी ही त्यांची मांजर. पांढऱ्या अंगावर पिवळे ठिपके, म्हणून बुंदी.

"इकडे आणलं कसं तिला?" मी विचारलं.

"पोत्यात. आईनं पोत्याचं तोंड बांधलं होतं. अन् रस्त्यात तीन वेळा गोल फिरवलं."

आमच्याकडे मांजर अशीच नेतात. पोत्यात घातली की तिला रस्ता दिसत नाही, आणि वाटेत तीन फेरे दिले की दिशा हरवते. मग ती जुन्या घरी परतत नाही. माझी आई असंच करायची, आणि मी कधी त्यावर शंका घेतली नव्हती.

"मग ती इथंच आहे," मी ठामपणे म्हणालो. "आसपास शोधू."

माझ्या या एका वाक्यापायी चार दिवस वाया गेले.

पोरांच्या परीक्षा संपल्या होत्या, त्यामुळे उत्साहाला तोटा नव्हता. आम्ही कागदावर जाहिरात लिहिली. खाली अपर्णानं बुंदीचं चित्र काढलं, ठिपके मोजून. पेपरवाल्यानं ते कागद वर्तमानपत्रांत घालून घरोघरी टाकले. केबलवाला विकी पोरांच्या ओळखीचा. त्यानं सिनेमा चालू असताना पडद्याच्या खाली पट्टी सोडली आणि खाली कोपऱ्यावरच्या एसटीडीवाल्याचा नंबर दिला. एसटीडीवाला दोन दिवसांत वैतागला. पाच फोन आले आणि पाचही वेगळ्या मांजरींचे. एक गृहस्थ तर चांगला दांडगा काळा बोका कडेवर घेऊन हजर झाले.

"ये नहीं है? तो इसको रख लो, बेटा," ते म्हणाले. "ये भी बहुत अच्छा है. बस, रात को चिल्लाता है."

"मुझे बुंदी चाहिए," अपर्णा म्हणाली. बोका परत गेला.

तिसऱ्या दिवशी तिची आई कांताबाई म्हणाल्या, "तिकडं तात्यापाऱ्यात तं नाही गेली ना? तुम्ही रोज जाता. जरा पाहा ना."

देवीदासांनी वर्तमानपत्रातून डोकं काढलं नाही. "इतक्या दूर कशी जाईल? मधात रेल्वेच्या छोट्या लाईनचं फाटक आहे. गाड्या, कुत्रे. अन् पोत्यात आणली न तिले?"

मीही मान डोलावली.

पाचव्या दिवशी सकाळी बिसाहू राऊत दूध घालायला आला. तो आमच्या सगळ्या क्वार्टरांना दूध घालतो. जाहिरात पेपरातून गेली होती, पण बिसाहूला वाचता येत नाही, त्याच्याकडे पेपर येत नाही आणि त्याला ती दाखवायचं आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्या दिवशी अपर्णानं सहज चित्र त्याच्यापुढे धरलं.

"हव," बिसाहू म्हणाला. "येला तो मैं रोज देखथंव."

"कहाँ?"

"तात्यापारा में, आफिस में. मैं उहाँ चाय बर दूध देथंव न."

मग त्यानं जे सांगितलं ते असं. बुंदी जुन्या घरी पोचली होती, थेट तिच्या स्वयंपाकघरात. आता तिथं रेकॉर्ड रूम आहे. भोपाळहून ट्रक भरून फायलींचे बस्ते आले, आणि बस्त्यांमागोमाग उंदीर. उंदरांनी फायली कुरतडायचा सपाटा लावला होता. बुंदी दिसताच बडे बाबूंनी, म्हणजे तिथल्या हेडक्लार्कनं, रेकॉर्ड रूमचं दार लावून घेतलं; बिसाहूला ती खिडकीच्या जाळीतून दिसायची. बिसाहूनं एकदा तिला थोडं दूध देऊ का विचारलं, तर बडे बाबू म्हणाले, पोट भरलं तर उंदीर कोण पकडणार? पण उंदीर बस्त्यांत खोल दडले होते, तिच्या हाती लागत नव्हते.

अपर्णा चित्र तिथंच टाकून घरात धावली. मी तिच्या मागे गेलो. देवीदास चहा पीत बसले होते.

"बाबा, तुमाले माहीत होतं?"

देवीदासांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. मग मुलीकडे.

"होतं."

"काहून नाही सांगितलं?"

"बेटा, यादी अजून लागायची आहे. कोणाले इथं ठेवतात, कोणाले मध्य प्रदेशात पाठवतात, काही समजून नाही राहिलं. बडे बाबूच्या शिफारशीवर आहे सगळं. मी एका मांजरीसाठी तोंड उघडू? उद्या झाबुआले टाकलं तं?"

कांताबाई आतून बाहेर आल्या. म्हणाल्या, "भिंतीच्या पलीकडं ती उपाशी बोंबलून राहिली, अन् तुम्ही अलीकडं बसून माह्या हातचा डबा खाता. गोड लागते का हो?"

देवीदास उठले आणि चहा अर्धा टाकून ऑफिसला निघून गेले.

त्या माणसाला मी वाईट म्हणणार नाही. आमच्या क्वार्टरांत त्या वर्षी प्रत्येक घरात ती यादी जेवायला बसलेली असायची. पण पोरीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आणि त्याची मला जास्त काळजी वाटली.

"गुरुजी, मी जाऊन दार उघडते," ती म्हणाली.

"उघडायला देतील?"

"नाही."

"मग त्यांना जे नाकारता येत नाही ते घेऊन जा. वही आण."

ओट्यावर सगळी पोरं जमली. मी त्यांना अर्ज कसा लिहितात ते शिकवलं. रडगाणं लिहायचं नाही. हात जोडायचे नाहीत. वर विषय, खाली काय घडलं ते चार ओळींत, आणि शेवटी एक असा प्रश्न की ज्याचं उत्तर त्यांना द्यावंच लागेल. ऑफिसचं काम हिंदीत, म्हणून अर्ज हिंदीत. दोन प्रती. विषय पोरांनी एका आवाजात सांगितला: बिल्ली वापस करने बाबत. शेवटच्या प्रश्नावर बराच वाद झाला. "आप इतने निर्दयी क्यों हैं" ही सूचना मी बाजूला ठेवली. मग अपर्णानं स्वतःच एक वाक्य लिहिलं. मी त्यातला एकही शब्द बदलला नाही.

खाली पोरांच्या सह्या. बिसाहूनं साक्षीदार म्हणून अंगठा उठवला आणि शाईचं बोट धोतराला पुसत तो म्हणाला, "चलव, महूं जाहूं."

बाराच्या उन्हात आम्ही तात्यापाऱ्यात पोचलो. मी, सात पोरं आणि बिसाहू, सायकलीला रिकामे कॅन लटकावून. समोरच्या खोलीत देवीदासांचं टेबल होतं. आम्हाला पाहून त्यांच्या हातातलं पेन थांबलं. ते उठले नाहीत. आतून, कुठल्या तरी बंद दारामागून, बारीक आवाज येत होता. अपर्णा थेट आतल्या, बडे बाबूंच्या खोलीत शिरली.

बडे बाबू पोरांची ती वरात पाहून हसले. "क्या गुरुजी, स्कूल यहीं लगा दिया?"

"मेरी बिल्ली आपके पास है," अपर्णा म्हणाली.

"बेटा, वो सरकारी परिसर में मिली है."

"मिली नहीं है. अपने घर आई है."

"घर था. अब दफ़्तर है." मग मला उद्देशून, मोठ्या माणसांतली गोष्ट असल्यासारखे ते म्हणाले, "आप तो समझते हैं. एक बिल्ली के लिए... ठीक है, आवेदन दे दो. विचार करेंगे."

अर्ज मागितला की माणसं घरी जातात, हा त्यांचा आजवरचा अनुभव असावा. अपर्णानं पिशवीतून कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. ते चष्मा लावून वाचू लागले. पहिल्या ओळींना हसले. शेवटच्या ओळीपाशी थांबले. ती अशी होती: "यदि बिल्ली वापस नहीं की जा सकती, तो उसे रोकने का कारण लिखित में बताया जाए."

"कारण? चूहे हैं, और क्या."

"तो यही लिख दीजिए," अपर्णा म्हणाली. "चूहे हैं. और कौन-कौन सी फ़ाइलें खा गए, वो भी."

बडे बाबूंनी चष्मा काढला. शिपाई धर्मपाल खिडकीकडे तोंड करून उभा राहिला, कारण त्याला हसू आवरेना. खात्याचे सचिव पुढच्या आठवड्यात तपासणीला यायचे होते, हे तात्यापाऱ्यातल्या पानवाल्यालाही ठाऊक होतं.

बडे बाबूंनी कागद दुमडला. "छोड़ जाओ. देखता हूँ."

"ऐसे नहीं." तिनं हात पुढे केला आणि तो कागद त्यांच्या बोटांतून काढून घेतला. ओढला नाही, काढून घेतला. मग चार पावलं चालून ती वडिलांच्या टेबलापुढे उभी राहिली. दोन्ही प्रती समोर ठेवल्या.

"आवक कर दीजिए," ती म्हणाली. आपल्या बापाशी ती हिंदीत बोलली, जसं कुणीही त्या टेबलाशी बोलेल.

"देवीदास!" बडे बाबूंनी आतून नुसतं नाव घेतलं.

देवीदासांनी मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. मी पुढे होऊन पोरीच्या खांद्यावर हात ठेवणार, एवढ्यात त्यांनी शिक्का उचलला. शाईच्या गादीवर दोनदा दाबला. पहिल्या प्रतीवर मारला, दुसऱ्या प्रतीवर मारला. रजिस्टर उघडून विषय सावकाश, मोठ्या अक्षरांत उतरवला. क्रमांक घातला, खाली सही केली आणि एक प्रत मुलीच्या हातात दिली.

"घ्या," ते म्हणाले. घे नाही, घ्या.

बडे बाबू दारात येऊन हे सगळं पाहत होते. त्यांचा चेहरा लाल झाला होता. बराच वेळ ते देवीदासांकडे पाहत राहिले आणि देवीदास त्यांच्याकडे. पहिल्यांदा नजर वळवली ती बडे बाबूंनी.

"धर्मपाल, खोल दो."

दार उघडलं. बुंदी एकदम बाहेर आली नाही. बस्त्यांच्या ढिगामागून डोकावली. बरगड्या दिसत होत्या. अपर्णानं तिला उचललं, तर तिनं रागानं तिच्या मनगटाला दात लावले. "काट, काट," अपर्णा म्हणाली, "तुहा हक्क आहे," आणि तशीच तिला छातीशी धरून बाहेर आली. बिसाहूनं कॅनच्या तळाशी उरलेलं दूध झाकणात ओतलं. मांजर ते चाटू लागली, आणि सगळी पोरं तिच्याभोवती उकिडवी बसली.

बडे बाबू आता गोड झाले होते. अर्जाची प्रत हातात नाचवत म्हणाले, "मिल गई न बिल्ली? चलो, अब ये कागज़ वापस ले लो. बात खतम."

"नहीं," अपर्णा म्हणाली.

"अरे, अब काहे का आवेदन?"

"पाँच दिन भूखा रखा. उसका जवाब भी तो देना है."

"ए छोकरी—"

"सर," देवीदास जागेवरूनच म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "आवक हो चुका है. अब वापस नहीं होता. निराकरण लिखना पड़ेगा."

बडे बाबू कागद घेऊन आत गेले. देवीदासांनी रजिस्टर मिटलं आणि पुढचं टपाल उघडायला घेतलं.

आम्ही रस्त्याला लागलो. बुंदी अपर्णाच्या खांद्यावर होती, नखं रुतवून. थोडं चालल्यावर अपर्णानं विचारलं, "गुरुजी, जवाब किती दिवसांत येते?"

"पंधरा दिवसांत यायला पाहिजे."

"अन् नाही आला तं?"

"तर स्मरणपत्र लिहायचं."

"ते कसं लिहितात?"

"चल," मी म्हणालो. "चालता चालता सांगतो."