आपलीच समजा

आमच्या मालकांच्या तोंडात एक शब्द बसलाय, आन त्या शब्दानं माझं अर्धं घर गावात वाटून टाकलं. कुनी काही चांगलं म्हनलं की हे लगेच म्हनणार, "आपलंच समजा." शेजारच्या कडूबाईनं आमचं तांब्याचं घंगाळ चांगलं हाय म्हनलं. "आपलंच समजा!" ते घंगाळ तीन वरसं झालं तिच्या न्हाणीत हाय आन मी बकिटीतून आंघोळ करायले. मानूस लय भला, पर भल्या मानसासंगं संसार करून बघा एकदा.

आमची पोरगी दैवशाला झाली तवा बी तेच. माझी नणंद सारजाबाई पाळण्यावर वाकून म्हनली, "बन्सीधर, माझ्या भुजंगाला शोभंल रे ही." आन हे हसून म्हनले, "तुझीच समज." झालं. अठरा वरसं त्या बाईनं ते बोलणं गाठीला बांधून ठेवलं. पोरगी बारावी झाली, परभणीला नर्सिंगच्या ट्रेनिंगला अर्ज केला, मुलाखतीचं पत्र आलं. सारजाबाईनं निरोप धाडला, "नंबर लागला तर बघू. न्हाई लागला तर तुळशीचं लगीन झालं की हिचं बी उरकून टाकू." मी मालकांकडं बघितलं. ते म्हनले, "शब्द दिलाय, आता काय करू?"  पोरगी ते पत्र तेवढं उशाखाली घेऊन झोपायची.

मुलाखत बुधवारी सकाळी दहाला. आन विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत सोमवारपसून एष्टी बंद. तशी घरची जीप व्हती, मिलिटरीच्या लिलावातली. पर ती दीड महिना झालं मानवतला लिंबाजी मिस्त्रीच्या गॅरेजात. क्लच बसवायला टाकली व्हती. क्लच चार दिवसांत बसला, मालकांनी पैसे बी चुकते केले. पैसे घेताना लिंबाजी जीपवर हात फिरवून म्हनला, "गाडी फक्कड हाय, बन्सीधरराव." पुढं हे काय म्हनले ते मी सांगायला पायजे का?

मंग आमच्या गल्लीतला पंडित सांगत आला, की तुमची जीप पोखर्णीला नरसिंहाच्या देवळापुढं बघितली. लिंबाजीची बायको, मेव्हणी, साडू, सगळी वरात आत. म्होरं झेंडूचा हार. मालक तीनदा मागायला गेले आन तीनदा चहा पिऊन वापस आले.

"काय म्हनला?"

"म्हनला, तुमीच म्हनलाव आपलीच समजा. आता साडूच्या नातवाचं जावळ काढायचंय, तवर राहू द्या."

"आन तुमी?"

"मी काय म्हनणार? शब्द दिला व्हता."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मंगळवारी सकाळीच पदर खोचला आन म्हनलं, चला, मी येते. मालकांचं तोंड उतरलं. माझा आवाज वढ्याच्या पलीकडं ऐकू जातो हे साऱ्या गावाला म्हाईत हाय. म्हनले, "चतुरा, लिंबाजीवर आवाज चढवायचा न्हाई. माझी शप्पथ हाय तुला." घेतली शप्पथ. दातावर दात ठेवून घेतली.

पंडितच्या बैलगाडीत बसून मानवतला गेलो. वाटंत मी एक शब्द बोलले न्हाई. बोलले असते तर शप्पथ तिथंच मोडली असती.

गॅरेजापुढं आमची जीप उभी व्हती, धुऊनपुसून, वाळका हार तसाच. बाकड्यावर चारपाच गिऱ्हाईकं बसलेली. लिंबाजी हात पुसत लगबगीनं म्होरं आला. "या या वैनी! बसा. दुकान आपलंच हाय."

आपलंच! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"आपलंच का, भाऊजी?" मी हळू इचारलं.

"मंग! परकं समजू नका. आपलंच."

"म्हंजी इथली वस्तू उचलली तर इचारायचं काम न्हाई?"

"काय बोलायलाव वैनी! आपल्याच दुकानात कुनी इचारतं का?" तो गिऱ्हाइकांकडं बघून हसला. ती बी हसली.

मी उठले. देवाच्या तसबिरीखाली खिळ्याला आमची चावी लटकत व्हती. ती काढली आन मालकांच्या हातात दिली. "बसा. चालू करा."

लिंबाजीचं हसणं गळालं. आडवा आला. "अवो वैनी, असं काय करायलाव? ते नुसतं म्हनायची पद्धत असती!"

 आवाज मी चुलीवरल्या दुधावानी सांभाळला.

"हां, भाऊजी," मी म्हनलं. "आमच्या मालकांची बी तीच पद्धत हाय."

बाकड्यावरचा एक म्हातारा फस्सकन हसला. लिंबाजीनं त्याच्याकडं बघितलं, मंग माझ्याकडं, मंग खाली. बाजूला सरला. जाताना मी म्हनलं, "चहा पुढच्या टायमाला घेते." ते मी मनापसून म्हनलं, मिस्त्री कामाला वाईट न्हाई.

मालक गावापतुर गुमान जीप चालवत व्हते. रात्री बी जेवले न्हाईत नीट. मला वाटलं, बायकोनं चारचौघात कमीपना आणला म्हनून रागावले. रागावू द्या, म्हनलं, पोरगी तरी येळंवर जाईल.

बुधवारी साडेनऊलाच परभणीला दवाखान्याच्या फाटकापुढं जीप उभी केली. दैवशाला पत्र हातात धरून उतरली. मालक स्टेरिंगवरूनच म्हनले, "बाय, ऐक. नंबर लागू न्हाईतर न लागू, आज वापस जाताना मी सारजाकडं जाणार हाय."

पोरीचं तोंड पांढरं पडलं. माझं बी.

"तिला सांगतो, ती म्हनायची पद्धत व्हती."

दैवशाला बापाकडं बघतच राह्यली. मंग तिथंच, फाटकात, रडायला लागली. माझ्या बी डोळ्याला धार लागली, पर फाटकाच्या आतल्या भिंतीवर घड्याळ व्हतं. आन शप्पथ काय, लिंबाजीपुरतीच व्हती.

"अगं रडतीस काय!" मी वराडले. "जा की आत, दहा वाजायलेत!"