चांदीची माशी

सुभेदार हिंदुराव फौजेतून पेन्शनीत आले आणि मागोमाग त्यांचे डोळेही पेन्शनीत गेले. रिव्हॉल्व्हर उचललं, की नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा तो बारीक उंचवटा, त्यांना दिसेचना. एरवी काय बिघडत होतं म्हणा! पण चौऱ्याहत्तर साली बिरप्पा धनगराची मेंढरं खतासाठी त्यांच्या मंगळवेढ्याच्या रानात बसली, आणि लांडगा मागं लागला.

खरं सांगायचं तर सुभेदारांचा जीव मेंढरांत नव्हता, बिरप्पाच्या कुत्र्यात होता. करड्या त्याचं नाव. बायको गेल्यापासून घर नुसतं खायला उठायचं. सांजेला सुभेदार बांधावर उभे राहून शीळ घालायचे. करड्या असंल तिथून धावत यायचा, अर्धी भाकरी खायचा आणि त्यांच्या पायावर डोकं टाकून पडायचा. एका रात्री लांडग्यानं त्याचा कान फाडला.

"पुढल्या बारीला नरडंच धरंल त्यो ह्याचं," बिरप्पा म्हणाला.

झालं! सुभेदारांनी सोलापूरची एसटी धरली. भवानी पेठेत बंदुका दुरुस्त करणाऱ्या रेवणप्पानं माशीला खाच पाडून चांदीचा बारका मणी बसवला.

"बगा सुभेदार, दिवस मावळला तरी लुकलुकतंय की!"

सुभेदार पोरासारखे हरखले.

त्याच आठवड्यात, दिवे लागायच्या वेळेला, मेंढरं बिथरली. "लांडगा! लांडगा!" बिरप्पा पलीकडून ओरडला. करड्या लांडग्यावर तुटून पडलेला. करड्याला बाजूला काढावं म्हणून सुभेदारांनी बांधावरून जोरात शीळ घातली आणि रिव्हॉल्व्हर उचललं. फौजेत शिकवलेलं अंगात मुरलं होतं: डोळा माशीवर, निशाण अंधुक झालं तरी चालेल. चांदी लखलखली. तिच्यामागून काहीतरी करडं सरळ त्यांच्या अंगावर धावत आलं.

गोळी सुटली.

लांडगा केव्हाच ओढ्याकडं पळाला होता. करड्या मागचे पाय ओढत ओढत बांधापर्यंत आला. शीळ घातली होती ना सुभेदारांनी! त्यानं रोजच्यासारखं सुभेदारांच्या पायावर डोकं टाकलं, आणि मग ते उचललंच नाही.

बिरप्पा धापा टाकत आला. बघितलं आणि करड्यापाशी बसला. म्हणाला, "तुमी तरी काय करनार, सुभेदार. अंधारून आलं हुतं."

त्यापेक्षा दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

सुभेदारांनी पाय हलवला नाही. खिशातली अर्धी भाकरी काढून करड्याच्या तोंडापाशी ठेवली आणि पोरासारखे हमसून हमसून रडले.

"माशी दिसली रे बिरप्पा," ते म्हणाले. "लई झकास दिसली. माझा करड्याच दिसला न्हाय."