मुसाफिरखान्याचा उलटा दगड

दगडाला कसली आलीय लाज, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे. पण मी दगडच बोलतोय, आणि खाली मान घालून बोलतोय. बीड जिल्ह्यातल्या एका गावच्या मुसाफिरखान्याच्या दर्शनी भिंतीत मी शंभराहून जास्त वर्षं होतो. गावाचं नाव सांगत नाही. माझ्यापायी झाली तेवढी नाचक्की पुरे.

निजामाच्या अमलात ती इमारत उभी राहिली. काळ्या दगडाची, पाच कमानींची, पुढे ऐसपैस ओसरी. सटवा पाथरवटाने मला खाणीतून काढलं आणि आठ दिवस छिन्नी चालवून माझं तोंड सपाट केलं. त्याला अक्षरओळख नव्हती. कारकुनाने कागदावर काढून दिलं तसं त्याने कोरलं. वर एक ओळ उर्दूत, खाली मराठीत 'मुसाफिरांसाठी', आणि त्याखाली फसली साल, म्हणजे तुमच्या हिशेबाने १९०८. सगळं झाल्यावर तो भीत भीत म्हणाला, "साहेब, एका कोपऱ्यात माझं बी नाव बसंल का?" कारकून हसला, पण त्याने लिहून दिलं. 'काम सटवा पाथरवट.' बोटभर जागेत. पुढे बाजाराला आला की सटवा घडीभर माझ्यासमोर उभा राहायचा. तेवढी एकच ओळ त्याला वाचता यायची.

आधी बाजारकरी मुक्कामाला यायचे, कोर्टाच्या तारखेला आलेले यायचे. मग शेजारी सरकारी दवाखाना झाला आणि आमची ओसरी पेशंटच्या नातेवाइकांची झाली. केजकडच्या जीपमधून बोचकी उतरायची, तीन दगडांच्या चुली मांडल्या जायच्या. माणसाचं मला लई नवल वाटायचं. घरी सख्ख्या भावाचं तोंड न बघणारा माणूस इथे परक्याच्या ताटात अर्धी भाकर टाकायचा. कुणाचा पेशंट बरा झाला की अख्ख्या ओसरीला चहा. इतकी वर्षं मी ताठ मानेने उभा होतो, ते याच सुखात.

मग १९७४ साल उजाडलं. इमारतीचं छत गळत होतं, ते दुरुस्त केलं, भिंतींना रंग दिला. रविवारी मोठा पाहुणा येणार आणि कोनशिलेची फरशी घेऊन निघालेला ट्रक वाटेतच बंद पडलेला. नगरपालिकेच्या अध्यक्षसाहेबांनी आश्रुबाला बोलावलं. आश्रुबा म्हणजे सटवाचा नातू. चोवीस वर्षांचा, हाताने गुणी, अक्षर मोत्यासारखं.

"तो जुना दगड काढ, अन् पलटून त्याच्यावरच कोर," साहेब म्हणाले.

"साहेब, तो माझ्या आज्याच्या हातचा दगड हाय."

"मंग काय झालं बे? मागची बाजू कोरीच हाय ना? आन् उर्दू वाचतंय कोण आता?"

आश्रुबाने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग त्याने विचारलं, "दुरुस्ती झाली, असं लिहू ना?"

"दुरुस्तीला कुठला पाहुणा येतो बे? उद्घाटन लिही!"

त्याने लिहिलं. 'या वास्तूचे उद्घाटन', मग पाहुण्यांचं नाव, अध्यक्षांचं नाव, १९७४. सहासष्ट वर्षं उन्हापावसात उभ्या असलेल्या इमारतीचं उद्घाटन! सटवाचं नाव चुन्यात दाबून मला पुन्हा भिंतीत बसवलं. रविवारी हारतुरे झाले, आश्रुबाच्या डोक्याला फेटा बांधला. त्याच्या बापाने विचारलं, "आपला जुना दगड कुठं हाय रं?" आश्रुबा म्हणाला, "काढताना फुटला, आबा."  म्हाताऱ्याला मरेपर्यंत तेच खरं वाटत होतं. आणि आश्रुबा? समोरच्या हॉटेलात बसून पन्नास वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिला, "ती कोनशिला माझ्या हातची हाय बरं का!" खोटं त्याने सांगितलं, पण गावाला वाचून दाखवत होतो मी. तेव्हा त्याला एकट्याला काय म्हणून नावं ठेवू?

आता अलीकडची गोष्ट. मुसाफिरखाना पाडून तिथे गाळे काढायचं ठरलं. गावातल्या कॉलेजात शिकवणाऱ्या माया मॅडमनी हरकत घेतली. त्यांची आई एकदा दवाखान्यात होती, तेव्हा एकवीस दिवस त्या याच ओसरीत राहिल्या होत्या. इमारत शंभर वर्षांची असल्याचा लेखी पुरावा मिळाला तर वाचण्याची आशा होती. त्यांनी कागद शोधले, ते वाळवीने खाल्लेले. मग सरकारकडून तपासणीला एक साहेब आले. त्यांनी चष्मा लावला, मला वाचलं आणि म्हणाले, "मॅडम, ही तर १९७४ ची आहे. उद्घाटनच लिहिलंय."

अहो, तेव्हा मला वाचा असती तर! मी ओरडलो असतो, साहेब, मला पलटून बघा!

माया मॅडम तडक हॉटेलात गेल्या. "आश्रुबा काका, तुमच्या आजोबांनी इथं काम केलं होतं म्हणतात. त्यांच्या वेळचा काही पुरावा आहे का हो?"

सगळं हॉटेल आश्रुबाकडे बघायला लागलं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, गावात मान असलेला. त्याने बशीतला चहा संपवला. "मला न्हाई ठाव, बाई," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो मॅडमच्या फाटकापर्यंत गेलता. दारात चार चपला दिसल्या. इतक्या लोकांपुढे कसं सांगायचं, म्हणून तसाच परत फिरला. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता पंधरा दिवस गेले आणि जेसीबी आला.

पहिली कमान पडली, दुसरी पडली, तिसरीबरोबर मी खाली आलो. आपटलो तो उताणा, जुनं तोंड वर. पन्नास वर्षांनी सटवाचं नाव उन्हात आलं. माया मॅडम धावत आल्या, त्यांनी पदराने चुना पुसला, साल वाचलं, कोपऱ्यातलं नाव वाचलं. जेसीबीवाला खाली उतरला. पण ओसरी केव्हाच गेली होती, उरलेल्या दोन कमानी वाचवून काय करणार? गर्दीत आश्रुबा उभा होता.

"काका, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हतं," आश्रुबा म्हणाला.

मॅडम चिडल्या नाहीत, चुन्याने माखलेला पदर झटकून निघून गेल्या. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं आश्रुबा पुढे कितीदा तरी स्वतःशीच म्हणाला.

त्याने मला हातगाड्यावर घालून घरी आणलं. आता मी त्याच्या अंगणात आहे, सटवाचं नाव वर करून. हॉटेलात जाणं त्याने सोडलंय. नातेवाईक हल्ली दवाखान्याच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला झोपतात. ट्रक गेला की लेकरं दचकून उठतात, असं ऐकतो.

परवा दुपारी आश्रुबा दवाखान्यावरून येत होता. एका बाईने त्याला अडवलं. उमापूरची मनकर्णाबाई, डोक्यावर बोचकं, हातात पिठाचा डबा. "भाऊ, मुसाफिरखाना कुठं हाय हो? माझी सासू सांगायची, तिथं सोय व्हती."

आश्रुबाने तिचं बोचकं आपल्या हातात घेतलं. मग म्हणाला, "चला माझ्यासंगं."

त्याने तिला घरी आणलं. ती दमून माझ्यावरच टेकली. आश्रुबा समोर उभा राहिला, हात जोडले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. आज्याचं नाव, फेटा, बापाला मारलेली थाप, ते 'न्हाई ठाव'. "माझ्यापायी तुमी उघड्यावर आलात, माय," म्हणाला आणि ढसाढसा रडला.

मनकर्णाबाईने ऐकून घेतलं. मग पदराने घाम पुसत ती उठली. "ते समदं ऱ्हाऊ द्या, भाऊ. आमच्या ह्यांचं उद्या ऑपरेशन हाय, सकाळपासून पोटात काही न्हाई माझ्या. हितं चूल मांडू का?"

"मांडा की," आश्रुबा म्हणाला, आणि डोळे पुसत तीन दगड शोधायला गेला.

माफी मागायचं तोंड मला नाही. एवढंच सांगतो, तुमच्या गावातही माझ्यासारखा एखादा दगड असेल, आणि त्याच्यामागे काय आहे ते ठाऊक असलेलं एखादं माणूसही असेल. ते माणूस तुम्हीच असाल, तर फाटकापर्यंत जाऊन परत फिरू नका. आत किती का चपला असेनात, कडी वाजवा.